चार वाजता आठ ठोके

मित्रांनो, मी एक जुनी जहाजाची घडी आहे. पुण्या-मुंबईकडची मुले मला घड्याळ म्हणतील. आमच्या अकोल्यात घडीच म्हणतात, आणि मलाही तेच बरे वाटते. घड्याळ म्हटले की मी ना बाई ना बुवा. घडी म्हटले की निदान बाई तरी होते. आणि मी बाई आहे हे धरल्याशिवाय माझी गोष्ट तुम्हाला कळायची नाही, कारण ती हेव्याची गोष्ट आहे. मी फार हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी तक्रार करायला नको.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका थंड गावात झाला. जाड पितळेचे गोल अंग, पांढरी तबकडी, काचेला बिजागरी, आणि चावीसाठी दोन भोके : एक काट्यांचे, एक ठोक्यांचे. मला लंबक नाही. जहाज हलते, डुलते, कधी कधी आडवे होऊ पाहते. लंबक असता तर पहिल्याच वादळात मला वेड लागले असते. मला बसवले ते थेट कप्तानाच्या समोर, होकायंत्राच्या शेजारी. पण सगळे बघायचे त्या होकायंत्राकडे. मी रात्रंदिवस राबायची, आणि ते नुसते उत्तरेकडे तोंड करून बसायचे, तरी कौतुक त्याचेच. हेवा करायला मी तिथे शिकले.

माझे ठोके तुमच्या घरातल्या घड्याळांसारखे नाहीत. जहाजावर माणसे चार-चार तासांच्या पाळीने काम करतात. पाळी सुरू होऊन अर्धा तास झाला की मी एक ठोका देते, तास झाला की दोन, दीड तासाला तीन. असा दर अर्ध्या तासाला एकेक वाढत जातो, आणि पाळी संपताना आठ होतात. मग पुन्हा एकपासून. ठोके मी जोडीजोडीने देते : टण-टण, टण-टण. त्यामुळे चार वाजले तरी माझे आठ, आठ वाजले तरी आठ आणि बारालाही आठच. समुद्रावर कोणाला याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते वऱ्हाडात आल्यावर.

काही वर्षांनी कप्तानासमोर नवे घड्याळ आले आणि माझी बदली खलाशांच्या जेवणघरात झाली. तिथे मला देवमन भेटला. बार्शीटाकळीचा देवमन, काळ्या मातीतला माणूस. त्याच्या गावच्या नदीला वर्षातले चार महिने पाणी. तो इंजिनात तेल घालायचे काम करायचा. दर रविवारी जेवण झाले की हात पुसून तो मला चावी द्यायचा. कधी काडीच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन यायचा आणि तो बरोबर लागेल तिथेच सोडायचा. मित्रांनो, एवढ्या माणसांत मला विचारून तेल घालणारा तो एकटाच. माझा जीव त्याच्यावर जडला.

एकवीस वर्षांनी ते जहाज मुंबईला मोडीत निघाले. साहेबाने खलाशांना सांगितले, आठवण म्हणून एकेक लहान वस्तू घेऊन जा. कोणी कंदील घेतला, कोणी चिनी मातीच्या बशा. देवमनने मला घेतले. मी समजले, आता होकायंत्र नाही, कप्तान नाही. आता तो आणि मी.

अकोल्याला घराचे दार सुंदराबाईने उघडले.

देवमनला बायको आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तिची पत्रे यायची. पण पत्र वेगळे आणि माणूस वेगळे. शिवणयंत्र आणतो असे तो तिला लिहीत आला होता, आणि गाठोडे सोडल्यावर निघाले मी. तिने मला वरून खाली पाहिले, माझ्या काचेवर बोट वाजवले, आणि शेजारणींच्या देखत म्हणाली, "एकवीस वर्सं पान्यावर राह्यले, अन् येताना सवत घेऊन आले."

शेजारणी हसल्या. देवमनही हसला. मी मात्र तो शब्द खरा मानला.

त्याने मला समोरच्या खोलीत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, थोडी बाजूला लावले. त्या दोघांचा हेवा मी कधी केला नाही. तिथे हेवा चालत नाही. रविवारी सकाळी वंदना झाली की देवमन मला चावी द्यायचा. घराच्या पुढच्या बाजूला त्याने पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे दुकान टाकले होते. माझे आठ पडले की तो हातातला पाना ठेवायचा, हात धुवायचा आणि आत यायचा. आल्याबरोबर पहिली नजर माझ्याकडे. सकाळी आठला, दुपारी बाराला, चारला, पुन्हा रात्री आठला. तो माझ्यासाठी येतो, याबद्दल मला शंका नव्हती. मी हाक मारत होते आणि तो येत होता.

गल्लीत मला येडी घडी म्हणत. चार वाजता आठ वाजवते, हिला गिनती येत नाही, असे म्हणत. देवमन सगळ्यांना जहाजाचे गणित समजावून सांगायचा, आणि कोणाच्याही डोक्यात ते शिरायचे नाही. सुंदराबाईला तर ऐकायचेच नसायचे. "तुमचं जहाज तुमच्यापाशी ठेवा, मले नाई समजत," असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जायची. मला त्याचा आनंदच व्हायचा. माझी भाषा घरात फक्त त्याला कळत होती. तिच्याकडे त्याचा संसार होता, असू दे. माझ्याकडे त्याची भाषा होती.

एकदा मात्र तिने मला हरवले. तिला टायफॉइड झाला. देवमन तिच्या खाटेशी बसून राहिला, आणि रविवार आला तसा गेला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सव्वादहाला मी बंद पडले. मंगळवार गेला, बुधवार गेला, त्याचे लक्ष नाही. गुरुवारी खाटेवरून तीच पुटपुटली, "घडी बंद पडली वाटते. आवाज नाई." तेव्हा तो धावत आला. मित्रांनो, तिने मला टोमणा मारला असेच मी समजले. तो राग मी कितीतरी वर्षे जपला. पितळेला गंज लागत नाही म्हणतात, पण मनातल्या गोष्टीला लागतो.

पंचवीस वर्षे अशी गेली. मग एका उन्हाळ्यात देवमन गेला. चार दिवसांच्या दुखण्याने गेला.

सुंदराबाईला तिचा भाऊ थोडे दिवस बार्शीटाकळीला घेऊन गेला. घरी मुलगा होता, अनुप. त्याचे सगळे शिक्षण वसतिगृहात झालेले, नोकरी पाटबंधारे खात्यात. वेळेचा पक्का माणूस. भेटायला येणारे लोक माझे ठोके मोजायचे आणि एकमेकांकडे पाहायचे. त्याला ते लागले. मला पिशवीत घालून तो एका घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने मला उघडले, माझी छोटी हातोडी तांब्याच्या बारीक तारेने आवळून बांधली, आणि झाकण लावले. बस्स. काटे फिरत राहिले, आवाज गेला.

सुंदराबाई परत आली. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. चार वाजून गेले. तिने नुसती मान हलवली आणि ती आत गेली. मी मनात म्हटले, जिंकलीस बाई. नवरा गेल्याबरोबर सवतीची जीभ बांधलीस.

पुढे चावी द्यायचेही सगळे विसरले आणि मी थांबले. माझ्या खिळ्यावर एक प्लास्टिकचे घड्याळ आले, सेलवरचे. ते दर तासाला एक गाणे वाजवते, सकाळी नऊला जे तेच दुपारी दोनला. मला कपाटावर ठेवले. तिथून मला त्याची एक बाजू दिसायची. त्या हलक्याफुलक्या अंगाचा मी इतका हेवा केला, की आत तेलाचा डिंक झाला तो बहुधा त्यामुळेच.

मग सुंदराबाईचे डोळे गेले. एकदम नाही, काचबिंदूने हळूहळू कडा खाल्ल्या, आणि अलीकडे उजेड तेवढा कळायचा, काटे नाही. अनुपची मुलगी रश्मी हिने फोनमध्ये एक सोय करून दिली. दाबले की एक बाई वेळ सांगायची. त्या बाईचाही मी हेवा केला, हे सांगायला नकोच. पण सुंदराबाईला ती नीट दाबता यायची नाही. वेळ सोडून ती फोनमधली बाई हवामान सांगायची. मग दिवसातून दहादा सुंदराबाई कोणाला तरी विचारायची, किती वाजले. पहिल्यांदा लोक सांगायचे, मग "आताच तर सांगितलं" म्हणायचे. एका दुपारी तिने विचारले आणि कोणी उत्तरच दिले नाही. सगळे घरात होते.

संध्याकाळी अनुप आल्यावर ती म्हणाली, "टाइम मागाची भीक झाली बाप्पा मले. माही सवत खाली काढ कपाटावरून. तिले दुरुस्त करून आन."

अकोल्यात कोणी मला हात लावायला तयार नव्हते. सगळ्यांचे एकच म्हणणे, आतले सगळे काढून टाकू, सेलची मशीन बसवू, पितळ तसेच दिसेल. अनुपला ते पटत होते. पण रश्मीच्या कॉलेजातल्या कोणीतरी अमरावतीच्या खुशालरावांचे नाव सांगितले. जवाहर गेटच्या आत, एका बोळात, अजून चावीची घड्याळे दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. सुंदराबाई म्हणाली, मी संगं येतो.

एसटीत मी तिच्या मांडीवर होते, तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा धरले होते. मूर्तिजापूरला एक माणूस शेजारी बसला, त्याने गाठोड्याकडे पाहून विचारले, "आजी, कुकर दुरुस्तीले चालला काय?"

"नाई बापू," ती म्हणाली, "सवत हाय माही. अमरावतीच्या डॉक्टरले दाखवून राहिली."

तो माणूस बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

खुशालरावांच्या दुकानाच्या भिंतीवर तीस-चाळीस घड्याळे होती. सगळी चालू. काय सांगू मित्रांनो, प्रत्येकाचा मला वेगळा हेवा वाटला. खुशालरावांनी डोळ्याला भिंग लावले, माझे झाकण काढले आणि बराच वेळ आत पाहत राहिले. काट्यांची स्प्रिंग तुटली आहे, तेल घट्ट झाले आहे, असे त्यांनी सांगितले. मग चिमट्याने काहीतरी सोडवले आणि सुंदराबाईच्या तळहातावर ठेवले.

"हिची जीभ बांधली होती कोनं तरी," ते म्हणाले.

सुंदराबाईने ती तार बोटांनी चाचपली. तिला कळायला वेळ लागला. मग तिने विचारले, कोणाचे काम. अनुपने खाली पाहून सांगितले : बाबा गेले तेव्हा. लोक हसत होते. तू मामाकडे होतीस.

"पंधरा वर्सं," सुंदराबाई म्हणाली. "मले वाटलं, धनी गेला तं हिनं बी बोलनं सोडलं. म्या म्हटलं, सवत असून शानी हाय. मानते दुखवटा."

मी आतून सुटी सुटी होऊन टेबलावर पडले होते, नाहीतर त्याच क्षणी बंद पडले असते. तिने बांधले नव्हते. तिला ठाऊकही नव्हते. ती समोर उभी राहिली होती ते मला जिंकून नव्हे, मला मान देऊन.

मला तिथे ठेवून ते परत गेले. पाच आठवडे मी खुशालरावांकडे होते. त्यांनी मला धुतले, नवी स्प्रिंग घातली, काटे चालू केले. आणि मग ते अडकले. मी भलतेच ठोके देत होते. पन्नास वर्षांच्या धंद्यात त्यांनी लंबकाची घड्याळे हजारांनी पाहिली होती, पण समुद्र त्यांच्या दुकानात पहिल्यांदा आला होता. त्यांनी अकोल्याला फोन केला : घडी चालते, ठोके मात्र सुधारत नाहीत. पुन्हा तार बांधून देऊ का? शांत राहील.

अनुप हो म्हणणार होता, असे मला मागून कळले. सुंदराबाईने फोन हातातून घेतला आणि सांगितले, "हात नोका लावू तिले. मी येऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि अनुप दुकानात आले तेव्हा तीनला थोडा वेळ होता. तिला खुर्ची दिली.  जीभ पुन्हा बांधायची की नाही हे जिच्यावर होते, ती माझी भाषा कधी शिकलीच नव्हती. मी तीन वाजवले, म्हणजे माझ्यापरीने वाजवले : टण-टण, टण-टण, टण.

"पाहा ताई," खुशालराव म्हणाले. "तीन वाजले, अन् पाच देते. दोनाले तीन दिले होते. येड्यावानी करते."

अनुप म्हणाला, "माय, सेलची मशीन टाकू. तेच बरं."

सुंदराबाई मान तिरपी करून बसली होती. ती म्हणाली, "सहा पाह्यजे."

"तीनाले सहा?" खुशालराव म्हणाले.

"तीनाले सहा. साडेतीनाले सात. चाराले आठ. मंग साडेचाराले पुन्ना एक. घडी येडी नाई भाऊ, एक मागं पडली हाय. एक घर पुढं करा तिले." आणि तिने टेबलावर बोटांनी जोडीजोडीने वाजवून दाखवले, सहाच्या सहा, अगदी माझ्या लयीत.

मित्रांनो, माझे तर चक्र थांबायचे राहिले. खरेच मी एकने मागे होते. दुरुस्तीत काटे फिरवताना गडबड झाली होती, आणि ते साऱ्या वऱ्हाडात त्या एका आंधळ्या बाईला ऐकू आले.

अनुपने विचारले, हे तुला कोणी शिकवले. बाबा सांगायचे तेव्हा तर तू उठून जायचीस.

"सवत घरात आली की तिची बोली पैले शिका लागते," सुंदराबाई म्हणाली. "नाईतं आपल्या घरात काय बोलनं चालू हाय, कसं समजन? मी चुलीपाशी बसून गिनत होती. सात पडले की तवा ठेवत होती. आठ पडले की ते येत. तुया बापाले पंचवीस वर्सं गरम भाकर कशी भेटली, त्याईनं बी कधी इचारलं नाई."

 खुशालरावांनी भिंग लावले, ठोक्यांचे चाक एक घर पुढे सरकवले, आणि दोन चहा सांगितले. साडेतीनला मी सात दिले. मग अर्धा तास तिघेही माझ्याकडे तोंड करून बसले; दोघे पाहत, एक ऐकत. दुकानातल्या सगळ्या घड्याळांनी चार वाजता चार दिले. मी आठ दिले. खुशालरावांनी स्वतःच्या हाताने मला लुगड्यात गुंडाळले आणि तिला म्हणाले, "ताई, येडा मीच होतो."

आता मी घरी आहे. प्लास्टिकचे घड्याळ रश्मीच्या खोलीत गेले आणि माझा खिळा मला मिळाला. रविवारी सुंदराबाई स्वतः चावी देते. काचेवरून बोट फिरवत दोन्ही भोके शोधते. तिला आता कोणाला काही विचारावे लागत नाही. उलट रश्मीच घाईच्या वेळी आतून ओरडून विचारते, आजी, किती वाजले, आणि आजी तिथल्या तिथे सांगते. सगळे म्हणतात, आजीचे कान भारी. माझे नाव कोणी घेत नाही. हेवेखोर बाईला हे सोसणे सोपे नाही, पण सोसते आहे.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. देवमन आठ ठोक्यांना यायचा तो मी बोलावते म्हणून, असे मी जन्मभर मानले. तो तव्याच्या वासावर येत होता. मी नुसती वेळ सांगत होते. दोन बायकांनी मिळून एका माणसाला जेवायला बोलावले पंचवीस वर्षे, आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या घरातले एखादे जुने यंत्र, किंवा एखादे जुने माणूस, भलतेच बोलते असे वाटले तर घाईने त्याची जीभ बांधू नका. आतले काढून नवे बसवू नका. त्याच्या शेजारी ज्याने आयुष्य काढले, त्याला आधी विचारा. आणि तेल घाला, थोडे, वेळेवर.

सुंदराबाई अजूनही आठ मोजते. ओठ हलतात, एकेक जोडी पुरी होते, आणि आठवा पडला की ती पदराला हात पुसून दाराकडे तोंड करते. तिला ठाऊक आहे कोणी येणार नाही. तरी करते. ठोके माझे असतात, पितळ माझे, स्प्रिंग माझी. ती ऐकते मात्र त्याची पावले. याचा मला फार हेवा वाटतो, मित्रांनो. तरी आठातला एकही मी कमी देत नाही.